जुनी दुनळी विकत घेण्याआधी

वाचकाचे पत्र : मी ३६ वर्षांचा असून सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. गेल्या वर्षी कंपनीच्या कामानिमित्त तीन महिने इंग्लंडमध्ये होतो. तेथील एका सहकाऱ्याने मला सुटीच्या दिवशी मातीच्या कबुतरांवर, म्हणजे हवेत फेकलेल्या तबकड्यांवर, नेम धरायला नेले आणि मला त्याची गोडी लागली. येथे परतल्यावरही वर्षातून सात-आठ वेळा हा खेळ खेळावा अशी इच्छा आहे. त्यासाठी वापरलेली बंदूक घ्यायची आहे. ऐंशी हजारांपेक्षा जास्त खर्च झेपणार नाही. परवान्याचा अर्ज अजून केलेला नाही. निफाडच्या मामांकडे आजोबांच्या वेळची बारा बोअरची इंग्रजी बनावटीची दुनळी आहे. तिच्या नळ्या साडेबावीस इंच आहेत. एका नळीचे तोंड फुगले होते म्हणून आजोबांनी दोन्ही कापून घेतल्या, असे मामा सांगतात. ती ते मला तीस हजारांत द्यायला तयार आहेत. दुसरी, एका विक्रेत्याकडे भारतीय बनावटीची दुनळी साठ हजारांत आहे आणि तिच्या नळ्या नव्यासारख्या काळ्याभोर आहेत. यांपैकी कोणती घ्यावी? मामांच्या द्राक्षबागेत पारवे फार येतात. तेथे अधूनमधून सराव केला तर चालेल का? — एक वाचक, नाशिक

सप्रेम नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण त्याचे उत्तर एका शब्दाचे आहे आणि ते ‘नाही’ असे आहे. द्राक्षबागेत उतरणाऱ्या पाखरांत पारव्यांबरोबर होले असतात, साळुंक्या आणि बुलबुल असतात, आणि बांधावरच्या वडा-उंबरावर हरियालही येतो, जो आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे. उडत्या थव्यावर बार काढणाऱ्याला त्या क्षणी यांतला कोणता पक्षी नेमाखाली आला हे कळत नाही, आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ या चुकीला माफी देत नाही. शिवाय बंदुकीचे बारीक छर्रे सुमारे दोनशे मीटरपर्यंत जाऊन पडतात. निफाडच्या बागांमध्ये तेवढ्या अंतरात शेजाऱ्याची बाग, त्यातले मजूर आणि बहुधा एखादा रस्ता येतोच. त्याच तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरचे अभयारण्य आहे, महाराष्ट्रातले पहिले रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आणि तिकडे ये-जा करणारे पक्षी कोणाच्या बागेवरून उडतात याला सीमा नाही. द्राक्षे वाचवायची असतील तर मामांनी बागेवर जाळी टाकावी. तुमचा खेळ आणि त्यांचे पीकसंरक्षण या दोन गोष्टी एकत्र करू नका.

या खेळाच्या नावात कबूतर आहे ते जुन्या काळाची खूण म्हणून. पूर्वी पेटीतून जिवंत कबुतरे सोडून त्यांच्यावर नेम धरत. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येही तशी स्पर्धा झाली होती. त्याच्या वीस वर्षे आधी, १८८० च्या सुमारास, अमेरिकेतील जॉर्ज लिगाऊस्की याने मातीची तबकडी काढली आणि हळूहळू जिवंत पक्ष्याची जागा तिने घेतली. आज ती मातीचीही राहिलेली नाही. डांबरासारखा पिच आणि चुनखडीची भुकटी यांपासून ती बनते, तिचा व्यास ११० मिलिमीटर आणि वजन साधारण १०५ ग्रॅम असते. बंदिवासातून सोडलेल्या जिवंत प्राण्यांवर किंवा पक्ष्यांवर नेमबाजीची स्पर्धा भरवणे किंवा तीत भाग घेणे हा आपल्याकडे प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. तुम्हाला इंग्लंडमध्ये आवडला तो तबकड्यांचाच खेळ. तोच आपण धरून चालू.

आता बंदुकीकडे येण्यापूर्वी मला तुम्हाला थोडे थांबवावे लागेल. ज्या क्रमाने तुम्ही विचार करत आहात, तो क्रम उलटा आहे. आधी मैदान, मग परवाना आणि सर्वांत शेवटी बंदूक, असे चाललात तर पैसे वाचतील आणि मनस्तापही टळेल. नाशिकमध्ये एअर रायफल आणि पिस्तूल शिकवणारे वर्ग सापडतात, कारण दहा मीटरची रेंज एखाद्या सभागृहातही बसते. तबकड्यांच्या नेमबाजीला मात्र फेकयंत्रे लागतात आणि छर्रे निर्धोकपणे पडतील एवढी विस्तीर्ण मोकळी जमीन लागते, त्यामुळे अशी मैदाने फार थोडी आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांवर सदस्यत्वाशिवाय प्रवेश मिळत नाही. म्हणून पहिले काम हे की राज्याच्या नेमबाजी संघटनेकडे विचारून, तुम्हाला प्रवास परवडेल अशा कोणत्या रेंजवर ट्रॅप किंवा स्कीट हे तबकड्यांच्या नेमबाजीचे प्रकार चालतात आणि तेथे नवख्याला क्लबची बंदूक मिळते का, हे नक्की करावे. क्लबची बंदूक मिळत असेल तर पहिले सहा महिने तीच वापरा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. तेवढ्या काळात तुम्हाला स्वतःच्या खांद्याची, मानेची आणि डोळ्याची जी माहिती होईल, ती कोणताही विक्रेता देऊ शकणार नाही.

ट्रॅप खेळणार की स्कीट, हेही त्याच काळात ठरेल, आणि बंदूक कोणती घ्यावी याचे निम्मे उत्तर त्यात आहे. ट्रॅपमध्ये तबकड्या नेमबाजाच्या पुढे पंधरा मीटरवरच्या खंदकातून निघून त्याच्यापासून दूर जातात, आणि अशा वेगाने की मोकळ्या सोडल्या तर सुमारे ७६ मीटरवर जाऊन पडाव्यात. नेमबाज त्यांना गाठतो तोवर अंतर तीस-पस्तीस मीटर झालेले असते. स्कीटमध्ये दोन बाजूंच्या दोन मनोऱ्यांतून तबकड्या आडव्या जातात आणि वीसेक मीटरच्या आतच फोडायच्या असतात. पहिल्या खेळाला लांब, जड आणि तोंडाशी निमुळती नळी लागते. दुसऱ्याला तुलनेने हलकी आणि मोकळ्या तोंडाची चालते.

परवान्याबाबत थोडक्यात, पण नेमके सांगते. शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनुसार बारा बोअरच्या बंदुकीला परवाना लागतोच. सातपूर हे नाशिक शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येत असल्याने तुमचा अर्ज पोलीस आयुक्तांकडे जाईल. मामांचा परवाना निफाडचा, म्हणजे ग्रामीण भागातला असल्याने त्याचे कागद जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयात असतील. अर्जासोबत वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षितपणे ठेवण्याची हमी आणि सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते, आणि पोलीस पडताळणी होते. अधिनियमाच्या तेराव्या कलमात खेळासाठी किंवा संरक्षणासाठी वीस इंचांपेक्षा कमी नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे; अर्जात ‘खेळ’ हा हेतू स्पष्ट लिहावा आणि क्लबच्या सदस्यत्वाचा पुरावा जोडावा. म्हणूनच मैदान आधी, असे मी म्हटले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली आहे आणि एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. त्यामुळे जी घ्याल ती विचारपूर्वक घ्या; परवान्यावरची एक जागा भावनेपोटी घेतलेल्या बंदुकीने अडवली, तर पुढे पश्चात्ताप होतो.

वापरलेली बंदूक एका परवानाधारकाकडून दुसऱ्याकडे जाताना पाळायचा एक नियम लोकांना ठाऊक नसतो. विकणाऱ्याने आपला इरादा जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला लेखी कळवावा लागतो आणि त्यानंतर किमान पंचेचाळीस दिवस गेल्याशिवाय बंदूक हातची जाऊ द्यायची नसते. हा नियम नात्याला सूट देत नाही, मामा-भाच्यातही तो लागू आहे. तुमच्याकडे परवाना नसताना मामांनी ‘घेऊन जा, कागद नंतर करू’ असे म्हटले, तर त्यांच्या प्रेमाचा मान ठेवूनही तुम्ही बंदुकीला हात लावू नये, कारण विनापरवाना शस्त्र बाळगण्याची किमान शिक्षा आता दोन वर्षांची आहे.

आता मामांच्या बंदुकीविषयी. तिच्या कापलेल्या नळ्या हा तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा तपशील आहे आणि तुम्ही तो ओघात लिहून पुढे गेला आहात. त्यात तीन वेगवेगळ्या अडचणी आहेत.

पहिली कायद्याची. बंदुकीची नळी आखूड करायलाही परवाना लागतो. शस्त्र अधिनियमाच्या सहाव्या कलमात हे स्पष्ट लिहिले आहे. साडेबावीस इंच ही लांबी वीस इंचांपेक्षा जास्त आहे म्हणून काळजी नाही, असे कोणी सांगेल, पण लांबीची अट आणि कापण्याची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजोबांनी हे काम कोणत्या साली, कोणाकडून करून घेतले आणि परवान्यावरील वर्णन आजच्या नळीशी जुळते का, हे मामांना शोधावे लागेल. नळीवरचा क्रमांक वाचता येतो का तेही पाहा. ओळखीची खूण पुसलेली किंवा खोडलेली बंदूक विकणे किंवा बाळगणे याबाबत कायदा फार कडक आहे.

दुसरी अडचण खेळाची आहे आणि ती थोडी उलगडून सांगते, कारण स्वस्त बंदुकीचा मोह नेमका येथे माणसाला फसवतो. बंदुकीच्या नळीच्या तोंडाशी, शेवटच्या काही इंचांत, आतला व्यास किंचित कमी केलेला असतो. याला चोक म्हणतात. त्याने छर्ऱ्यांचा थवा लगेच पसरत नाही. चाळीस यार्डांवर, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटरवर, तीस इंच व्यासाच्या वर्तुळात किती छर्रे पडतात यावर चोक मोजतात : पूर्ण चोकमधून सुमारे सत्तर टक्के, अर्ध्या चोकमधून साठ टक्के आणि चोक नसलेल्या सरळ नळीतून चाळीस टक्के. नळी पुढून कापली की चोक कापला जातो. म्हणजे मामांची बंदूक आज दोन्ही नळ्यांनी सरळ आहे, मुळात ती कशीही असो.

याचा हिशेब करून पाहा. ट्रॅपच्या काडतुसात २४ ग्रॅम छर्रे असतात. साडेसात नंबरचे (हा छर्ऱ्यांच्या आकाराचा क्रमांक) घेतले तर ते तीनशेच्या आसपास भरतात. सरळ नळीतून त्यांतले एकशेवीस त्या वर्तुळात पडले, असे धरू. वर्तुळाचे क्षेत्रफळ साडेचार हजार चौरस सेंटिमीटरांहून थोडे अधिक आहे, आणि दूर जाणारी तबकडी नेमबाजाला कडेने दिसते तेव्हा तिचे दिसणारे क्षेत्रफळ कसेबसे पंचवीस चौरस सेंटिमीटर. म्हणजे नेम अगदी अचूक असला तरी तबकडीच्या वाट्याला सरासरीने एक पूर्ण छर्रासुद्धा येत नाही. पूर्ण चोकमधून तोच आकडा एकाच्या वर जातो, आणि तबकडी जरा तिरपी होऊन तिचा माथा दिसू लागला की दोन-तीन छर्रे हमखास लागतात. कापलेल्या नळीने ट्रॅप खेळणारा माणूस दिवसभर अचूक नेम धरून तबकड्या हुकवत राहतो आणि दोष स्वतःकडे घेतो. स्कीटच्या अंतरावर ही सरळ नळी चालेल, हे मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण साडेबावीस इंचांची हलकी नळी हातात पटकन फिरते आणि तितक्याच पटकन थांबते, आणि आडव्या जाणाऱ्या तबकडीवर नळी थांबली की बार मागे पडतो. शिकणाऱ्याला हेच सर्वांत जास्त नडते.

तिसरी अडचण जिवाची आहे. नळीचे तोंड उगाच फुगत नाही. आत माती, चिंधी किंवा तेलाचा गोळा अडकलेला असताना बार काढला की फुगते, किंवा पत्रा आधीच पातळ झालेला असला की फुगते. पुढचा तुकडा कापला म्हणजे मागच्या नळीला काही झाले नव्हते, असे ठरत नाही. त्यातून बंदूक आजोबांच्या वेळची इंग्रजी. त्या काळच्या पुष्कळ इंग्रजी बंदुकांचे चेंबर, म्हणजे काडतूस बसते ती खोली, अडीच इंचांची म्हणजे ६५ मिलिमीटरची असते. आज मिळणारी अनेक काडतुसे ७० मिलिमीटरची आहेत. फसवे असे की ७० चे काडतूस ६५ च्या खोलीत सहज शिरते, कारण ही लांबी काडतुसाचे तोंड उघडल्यानंतरची मोजतात. बार झाल्यावर तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. नळीवर लाटांसारखी किंवा दोरखंडाच्या पिळासारखी नक्षी दिसत असेल तर ती लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली जुनी नळी आहे. तिच्यातून आजची काडतुसे मुळीच झाडू नयेत. या तिन्ही कारणांनी माझे मत असे की मामांची बंदूक या खेळासाठी घेऊ नये, मग ती तीस हजारांना असो वा फुकट.

विक्रेत्याकडची साठ हजारांची दुनळी मी लगेच नाकारत नाही, पण ‘नव्यासारख्या काळ्याभोर’ हे शब्द वाचून मला माझी पहिली बंदूक आठवली. ती मी अशीच घेतली होती. दुकानदाराने ती दिव्याखाली धरली, नळ्या चकाकत होत्या आणि मी आत डोकावूनही पाहिले नाही. नंतर रेंजवरच्या वयस्कर कारागिराने ती उघडली, नळ्या खिडकीकडे धरल्या आणि मला आत पाहायला सांगितले. चेंबरच्या पुढे चार बोटांवर गंजाने पडलेल्या खळग्यांची रांग होती. वरून नवा काळा थर दिला होता, आतून कोणी काही केले नव्हते. त्या बंदुकीच्या दस्त्याची लांबीही मला जास्त होती. मी वर्षभर मान पुढे ताणून नेम धरायला शिकले आणि पुढे ती सवय मोडायला दोन वर्षे घालवली. गेलेल्या पैशांपेक्षा ती दोन वर्षे मला अधिक लागली, म्हणून तुम्हाला इतक्या तपशिलाने लिहीत आहे.

विक्रेत्याकडे जाल तेव्हा अनुभवी माणूस सोबत घ्या, बंदूक हातात येताच ती उघडून दोन्ही चेंबर रिकामे असल्याची स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करा, आणि मग घाई न करता ती पाहा. नळ्या काढून त्यांच्या मागच्या बाजूने उजेडाकडे पाहिले की आत एकात एक वर्तुळे दिसतात. चांगल्या नळीत ती सुबक आणि एकाच मध्याची असतात, पोचा असेल तेथे वर्तुळ मोडते आणि फुगवटा असेल तेथे गडद कडे दिसते. मग नळ्या खालच्या आकड्याने बोटावर टांगून लाकडाच्या तुकड्याने हलकेच ठोका. घंटेसारखा स्वच्छ नाद आला तर दोन्ही नळ्यांना जोडणाऱ्या पट्ट्या घट्ट आहेत. भांड्याला तडा गेल्यासारखा बसका आवाज आला तर कोठेतरी जोडाचा डाग सुटला आहे आणि ती दुरुस्ती महाग पडते.

यानंतर सांधा. नळीखालचा पुढचा लाकडी भाग काढून ठेवा, बंदूक बंद करा, दस्ता काखेत घट्ट धरा आणि नळ्या वर-खाली व डावी-उजवीकडे हलवून पाहा. किंचितही खुळखुळ जाणवली तर बिजागरी झिजली आहे. बंद बंदूक उजेडापुढे धरून नळीचा मागचा काठ आणि त्याला टेकणारी उभी भिंत यांत फट दिसते का पाहा. कागदाचा पातळ कपटा तेथे सरकत असेल तर ती बंदूक सोडून द्या. उघडण्याची वरची कळ नव्या बंदुकीत मध्याच्या थोडी उजवीकडे थांबते आणि झीज वाढेल तशी डावीकडे सरकत जाते. मध्याच्या पलीकडे डावीकडे गेलेली कळ बंदुकीचे खरे वय सांगते, विक्रेता काहीही सांगो. दस्त्याच्या मनगटाशी, म्हणजे मुठीत धरायच्या अरुंद भागाशी, आणि लाकूड धातूला मिळते तेथे केसाएवढी चीर असते, ती तेलाने लपते, म्हणून नखाने चाचपून पाहा. स्क्रूच्या खाचा कुरतडलेल्या असतील तर ती बंदूक नवशिक्या हातांनी उघडलेली आहे.

चापाची तपासणी नकली काडतुसे घालूनच करावी, कारण रिकाम्या चेंबरवर चाप ओढत राहिल्याने आतल्या टाचण्या मोडू शकतात. सेफ्टी लावून चाप ओढा, काही होता कामा नये. मग सेफ्टी काढून, नळ्यांचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवून, दस्त्याची टाच जाड गालिच्यावर हलके आपटा. त्या धक्क्याने घोडा सुटला तर बंदूक धोकादायक आहे. प्रूफ चाचणीचे, म्हणजे नळी दाब सोसते का याच्या परीक्षेचे, ठसे, चेंबरची लांबी आणि क्रमांक नळीच्या खालच्या सपाट भागावर कोरलेले असतात, ते परवान्यावरच्या नोंदीशी अक्षर न् अक्षर ताडून घ्या.

एवढ्या परीक्षेत ती उतरली तरी शेवटची कसोटी तुमच्या अंगाची आहे. डोळे मिटा, बंदूक सहज खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेकवा आणि डोळे उघडा. नळीवरची पट्टी सपाट आणि टोकाची माशी मधोमध दिसली, तर बंदूक तुमच्या मापाची आहे. पट्टीचा चढ खूप दिसत असेल किंवा डोळा बाजूला पडत असेल तर दस्ता बदलावा लागेल. छर्ऱ्याच्या बंदुकीला मागची खूण नसते, नेमबाजाचा डोळाच मागची खूण असतो, म्हणून रायफलपेक्षा येथे मापाला कितीतरी अधिक महत्त्व आहे. तुम्ही डावखुरे असाल तर हे विक्रेत्याला आधीच सांगा, कारण बहुतेक दस्ते उजव्या खांद्यासाठी किंचित वळवलेले असतात.

इंग्लंडमध्ये तुम्ही बहुधा वर-खाली नळ्यांची बंदूक वापरली असेल आणि येथे शेजारी-शेजारी नळ्यांची पाहून तुमचे मन थोडे खट्टू होईल. तबकड्यांसाठी वर-खालीच अधिक सोयीची, यात शंका नाही. नळीकडे पाहताना एकच अरुंद रेषा दिसते आणि धक्काही सरळ मागे येतो. पण १९८० च्या दशकापासून परदेशी बंदुकांची सर्वसाधारण व्यापारी आयात बंद असल्याने आपल्याकडे अशा चांगल्या बंदुका थोड्या आहेत आणि त्या सोडायला मालक सहसा तयार नसतात. ऐंशी हजारांत एखादी मिळाली तर आनंद होण्याआधी ती का विकली जात आहे, हे विचारा. स्वस्त म्हणून कोणी पंप अ‍ॅक्शन, म्हणजे नळीखालची मूठ मागे-पुढे ओढून पुढचे काडतूस भरायची एकनळी बंदूक, सुचवेल. ती मजबूत असते, पण आंतरराष्ट्रीय नियमांनी ट्रॅप आणि स्कीट स्पर्धांत तिला मनाई आहे, आणि पुढेमागे तुम्हाला एखाद्या स्पर्धेत उतरावेसे वाटेल. धडधाकट भारतीय दुनळी, २८ किंवा ३० इंचांच्या नळ्यांची, एका नळीला अर्धा आणि दुसरीला पूर्ण चोक असलेली, ७० मिलिमीटरच्या चेंबरची आणि सव्वातीन किलोच्या आसपास वजनाची मिळाली, तर वर्षातून सात-आठ वेळा खेळणाऱ्याला तिने काही कमी पडणार नाही. बारा बोअरच सोडू नका. लहान बोअरची काडतुसे मिळवण्यात वेळ जातो, तर बाराची आपल्या शेजारी खडकीच्या दारूगोळा कारखान्यातही बनतात.

पैशांचा हिशेब करताना बंदुकीला ऐंशीतले पन्नास-पंचावन्न हजारांपलीकडे जाऊ देऊ नका. उरलेले कारागिराची तपासणी, दस्त्याचे माप, कानाचे व डोळ्यांचे संरक्षण, कुलपाची लोखंडी पेटी आणि मुख्यतः काडतुसे यांना लागतील. ट्रॅपची एक फेरी पंचवीस तबकड्यांची असते आणि प्रत्येकीवर दोन बार काढता येतात, म्हणजे नवख्याची एका फेरीत चाळीसहून अधिक काडतुसे सहज संपतात. परवान्यावर एका वेळी आणि वर्षभरात किती काडतुसे घेता येतील हे लिहिलेले असते, त्याच्याशी तुमच्या सात-आठ दिवसांचे गणित आधीच जुळवून घ्या. साठ हजारांच्या त्या दुनळीत सांधा आणि नळ्या चांगल्या निघाल्या, तर दस्त्याच्या कामाचा खर्च दाखवून किंमत कमी करून मागा. विक्रेता कारागिराकडून तपासणी करू देत नसेल तर तेथून निघा. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत लवकर गंज धरतो, म्हणून जून ते सप्टेंबर नळ्या दर पंधरवड्याला तेलाच्या कापडाने पुसाव्यात आणि चामड्याच्या पिशवीत बंदूक कधी ठेवू नये.

राहता राहिले मामांना नाही म्हणणे. आजोबांची वस्तू घरात राहावी म्हणून त्यांनी ती कमी किमतीत देऊ केली आहे, तेव्हा किमतीवरून किंवा जुनेपणावरून नकार देऊ नका. त्यांना सांगा की बंदूक आधी जाणत्या कारागिराला दाखवू या. कायद्याप्रमाणे परवानाधारकाच्या सोबत किंवा त्याच्या लेखी अधिकाराने दुसरा माणूस दुरुस्तीसाठी बंदूक नेऊ शकतो, पण तुम्ही एकटे नेऊ नका, मामांना सोबत घ्या आणि परवाना त्यांच्या खिशात असू द्या. कारागीर मायक्रोमीटरने नळीची जाडी मोजेल, चेंबर मोजेल आणि कापलेल्या तोंडाशी पत्रा कसा आहे ते दाखवेल. मामा स्वतः त्या बंदुकीतून कधी बार काढत असतील तर ही मापे तुमच्यापेक्षा त्यांनाच अधिक उपयोगी आहेत. कापलेल्या नळ्यांची नोंद परवान्यावर नसेल तर ती नियमित करण्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात कोणता अर्ज द्यायचा, हेही त्याच दिवशी विचारून घ्या.